सुहासचं हेलिकॉप्टर

राजेंद्रने रिमोटवर उडणारं ते हेलिकॉप्टर कातळावर ठेवलं, एक पातं आडवं धरलं आणि त्याला कोन मोजायची पट्टी अडकवली. मग रिमोटची डावी काठी पार खाली ओढली. पातं सपाट व्हायला हवं होतं. ते तिरकंच राहिलं.

"वहिनी, याच्या पेटीला कुणी हात लावला होता काय?"

"कोण लावणार? कुलूप आज मीच काढलं," रेणुका म्हणाली. ती जरा लांब, वाऱ्याला पाठ करून उभी होती.

राजेंद्र आणि तिचा नवरा सुहास जयगडच्या बंदरात एकाच वर्कशॉपला होते. सुट्टी मिळाली की दोघं हेलिकॉप्टर घेऊन या सड्यावर, समुद्रावरच्या कड्याच्या उघड्या माथ्यावर, यायचे. श्रावणात सुहास एकटाच आला. शोधायला निघालेल्या लोकांना आधी हेलिकॉप्टर सापडलं. कातळावर नीट उभं होतं, पात्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. सुहास सापडला तो कड्याखाली.

आता पाऊस उघडला होता. हेलिकॉप्टर तुम्हीच घेऊन जा, असं रेणुकानेच सांगितलं होतं. फक्त त्याआधी एकदा तिला ते उडताना बघायचं होतं. सुहास दर वेळी चल म्हणायचा आणि दर वेळी तिच्यामागे घरातलं काहीतरी निघायचं.

राजेंद्रने पट्टी पुन्हा लावली. मोटर किती जोरात फिरवायची आणि पाती किती तिरकी करायची, दोन्ही त्या एकाच काठीवर होतं. पाती तिरकी झाली की हेलिकॉप्टर वर, सपाट झाली की खाली. ते आकडे त्याने आणि सुहासने मिळून भरले होते. काठी मध्यावर असली की पाच अंश, पार खाली गेली की शून्य. आता रिमोटच्या पडद्यावर खाली पाच, मध्ये पाच, वरही पाच दिसत होतं. थ्रॉटलची, म्हणजे मोटरच्या वेगाची, रेघही तशीच, सरळ.

"काय झालं?"

"आकडे बदललेत. असं ठेवलं तर हे वर जाईल आणि तिथेच थांबेल. खाली यायचं नाही."

"त्यांनीच बदलले असतील."

"सुहास? तो असं कधी करणार नाही." मग त्याला वाटलं, उगाच बोललो. "बॅटरी संपून काहीतरी झालं असेल. करतो मी सरळ."

त्याने जुने आकडे भरले. काठी खालीवर करून पट्टीवर पाहिलं. पातं बरोबर सपाट होत होतं. पुन्हा पाहिलं. थ्रॉटलही नीट केला.

"पाठी सरा, वहिनी."

पाती फिरू लागली, त्यांची एक चकती झाली, आणि हेलिकॉप्टर अलगद उचललं गेलं. राजेंद्रने ते पुरुषभर उंचीवर धरलं. समुद्राकडून वारा येत होता, पण ते जराही डुलत नव्हतं. रेणुकाने तोंडावर हात धरला होता. ती हसत होती की रडत होती, ते त्याला कळलं नाही.

"आता उतरवतो."

त्याने काठी खाली ओढली. हेलिकॉप्टर तिथेच राहिलं. काठी तळाला टेकली, तरी तिथेच. मग हेलिकॉप्टरचं नाक आपोआप वळलं आणि ते वाऱ्याच्या तोंडावर, कड्याच्या दिशेने निघालं. राजेंद्रने दुसरी काठी मागे खेचली, आडवी केली. काही उपयोग नाही. शेवटी त्याने मोटर बंद करायचं बटण दाबलं.

मोटर थांबली. खालच्या लाटा एकदम ऐकू येऊ लागल्या. आता ते दगडासारखं पडायला हवं होतं. पण कड्याच्या जरासं पलीकडे, जिथे खाली जमीन नव्हती, तिथे ते आवाज न करता उभं होतं. पाती फिरत होती. नाक पुन्हा वळलं, या दोघांकडे.

"वहिनी, तिकडे बघू नका," राजेंद्र म्हणाला. असं का म्हणालो, ते त्यालाही कळलं नाही.

रेणुका मघाच्या जागी नव्हती. ती चालत कड्याकडे निघाली होती. घाई नव्हती, भीती नव्हती. अंगणातून कुणी हाक मारावी आणि आतून बाईने हात पुसत बाहेर यावं, तशी.

"आले ओ," ती म्हणाली. "आले."

राजेंद्रने रिमोट टाकला आणि धावला. कड्याच्या तोंडाशी त्याने तिचा दंड धरला. तिच्या खांद्यावरून त्याला हेलिकॉप्टर दिसलं. ते आता खाली चाललं होतं. पडत नव्हतं, जिना उतरावा तसं सावकाश, सरळ, कड्याच्या रेषेखाली गेलं. आपटल्याचा आवाज आला नाही.

राजेंद्रने दंड सोडला नाही. ती मात्र शांत उभी होती.

"सोडा, भावोजी. मी पुढे जात नव्हते."

"मग इथे काय करत होतात?"

"त्यांनी थांब म्हटलं, म्हणून थांबले." ती खाली बघत म्हणाली, "म्हणाले, आधी चपला काढ. इथे शेवाळ आहे, पाय घसरतो."

राजेंद्रने पाहिलं. ती अनवाणी होती. चपला मागे, कातळावर शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. आणि त्याच्या स्वतःच्या बुटांखाली सगळं हिरवं, ओलं होतं.

तो होता तिथेच हळूच खाली बसला. नाड्या सोडल्या. बूट, मोजे काढून हातात घेतले आणि मगच उठला.