मनगटाची हाडं

दोनशे सहा हाडं, आठ आठवड्यांचं पाठांतर. दारावर 'आत येऊ नये' अशी चिठ्ठी. स्वयंपाकघरात मटार सोलणारी आई.

नर्सिंगला प्रवेश हवा, तर एकोणपन्नास वर्षांच्या रोंडाला शरीररचनेची ही ऑनलाइन परीक्षा पास होणं भागच होतं. सवयीने तिने प्रश्न मोठ्याने वाचला, "मनगटात हाडं किती?"

"आठ!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"उत्तरं कोण सांगतंय?" लॅपटॉपमधून पर्यवेक्षक गुरकावला आणि परीक्षा तिथेच रद्द झाली.

"आई, घात केलास! आता पुढच्या सत्रापर्यंत बसा!"

"अगं, इतका सोपा प्रश्न!" स्वतःच्या मनगटावर बोट फिरवत आई शाळकरी पोरीसारखी घोकू लागली, "स्कॅफॉइड, ल्युनेट..." आठही नावं तिने हसत हसत संपवली.

"तुला गं कुणी शिकवलं?"

१९७१ साली रोंडा पोटात आहे हे कळताच नर्सिंगच्या शाळेने आईचं नाव काढून टाकलं होतं.