बर्फवाले सर

दारात गोकुळ येऊन उभा राहिला, तसा सुलेखाबाईंनी आत मिक्सर चालू केला. भांडं रिकामंच होतं. नळाला लावलेल्या मोटारीची घरघर झाकायला एवढं पुरे होतं.

"चला सर, आज मोटारवाले धरायचेत," गोकुळ म्हणाला. हा कॉलनीचा सेक्रेटरी. वाळूजच्या कंपनीत फिटर, तोंडाचा पट्टा सदा चालू. "आठ आठ दिवसांनी पाणी येतं अन् लोक मोटारी लावून सगळं वरच्या वर वढून घेतात. खालच्यांना थेंब नाय. तुम्ही नुसतं संगं उभं ऱ्हा. तुमच्यापुढं कोण खोटं बोलतंय?"

डॉक्टर बिभीषण यांचा उभा जन्म हिमालयात बर्फ मोजण्यात गेला होता. यंदा बर्फ किती पडला, त्याचं पाणी किती होईल, ते खाली कुणाकुणाला पुरेल, हेच त्यांचं काम. निवृत्त होऊन बिडकीन रोडच्या या कॉलनीत आले, तर लोकांनी नावच पाडलं, बर्फवाले सर. पंधरा ऑगस्टचा झेंडाही त्यांच्याच हातून. आता अशा माणसानं नाही कसं म्हणायचं? डोकं दुखतंय, असं अगदी ओठावर आलं होतं. पण सरांनी मुकाट्यानं चपला घातल्या.

कपडे शिवणाऱ्या सांडूकडं मोटार सापडली. न्हाणीत उपडं घमेलं, त्यावर ओली चादर, आणि खाली ती.

"सर, लेक बाळंतपणाला आलीय. लेकराचे कपडे धुवायला तरी..." सांडूनं हात जोडले.

"ते ग्रुपवर सांग," गोकुळ म्हणाला.

कॉलनीनं शिक्षाच तशी ठरवली होती. ज्याच्याकडं मोटार सापडेल, त्यानं ती हातात धरून दारात उभं राहायचं. फोटो निघणार आणि घरोघरच्या मोबाइलवर जाणार.

"सर, तुम्ही बी हात लावा. बक्षीस देताना लावतात तसा."

लोक खो खो हसले. सरांनी हात लावला. मोटार अजून गरम होती. सांडूची मान खाली गेली. सरांनाही मान खाली घालावीशी वाटली, पण गोकुळ ओरडला, "सर, इकडं बघा, इकडं!"

तिकडं डोंगरात एकदा वरच्या गावानं पाट फोडून बर्फाचं सगळं पाणी आपल्याच शेतात वळवलं होतं. भर पंचायतीत सरांनी त्या गावच्या म्हाताऱ्या मुखियाला विचारलं होतं, लाज नाही वाटत? म्हातारा एक अक्षर बोलला नव्हता. तेव्हा सरांना तो निगरगट्ट वाटला होता. आज त्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

गल्लीच्या टोकाला राजाबाईचं घर. एकटा जीव, गुडघ्यांनी पार धरलेली, ऐकायलाही कमी. अंगणातल्या नळाखाली हंडा लावून ती बसली होती. नळातून नुसती फुसफुस.

"आता येईल मावशी," गोकुळ म्हणाला. "सांडूची मोटार काढलीय."

सगळे उभे राहिले. पाणी काही आलं नाही.

"आणखी एक चालू हाय कुठंतरी." गोकुळनं डोकं खाजवलं. "पण घरं तर सगळी झाली."

"सरांचं ऱ्हायलंय," मागून सांडू बोलला.

"ए, येडा झाला का? सरांचं घर बघायचं?" गोकुळ खवळला. "ज्या माणसानं पाण्यापायी जिंदगी घातली, त्याच्यावर शक घेतो? माफी माग आधी!"

"चुकलं, सर," सांडू म्हणाला.

धरणीनं पोटात घ्यावं, असं सरांना झालं. ते अंगणाच्या कोपऱ्यात गेले, सगळ्यांकडं पाठ केली आणि घरी बायकोला फोन लावला.

"बंद कर," ते हळूच म्हणाले.

"काय बंद करू? मोटार?" सुलेखाबाईंचा आवाज फोनमधून खणखणीत आला. बर्फावरच्या वाऱ्यानं सरांचे कान अधू केलेले, म्हणून फोनचा आवाज ते कायम मोठा ठेवत. "अहो, गच्चीवरची टाकी अजून अर्धीच झालीय!"

"बंद कर म्हणतो ना!"

थोडा वेळ गेला. मग नळ दोनदा खोकला, गढूळ पिचकारी मारली आणि पाण्याची चांगली बोटभर धार हंड्यात पडू लागली. कुणी चपलेकडं बघत होतं, कुणी आभाळाकडं.

"गोकुळ," सर म्हणाले, "माझा फोटो काढ."

"जाऊ द्या ना सर." गोकुळनं मोबाइल खिशात घातला. "तुमचं वेगळं हाय."

राजाबाईला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. धार बघून तिला कुठं ठेवू अन् कुठं नको झालं होतं. गढूळ पाणी तिनं ओतून दिलं, हंडा पुन्हा धारेखाली सरकवला. मग पितळेचा तांब्या विसळला, काठोकाठ भरला आणि भिंतीला धरत धरत, बाकी कुणाकडं न बघता, थेट सरांपुढं येऊन उभी राहिली.

"घ्या साहेब. पहिल्यांदाच पाय लागले तुमचे माझ्या दाराला. पायगुण लई चांगला बघा, आल्या आल्या पाणी आलं."

सरांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. तो तोंडापर्यंत जाईना.

"प्या की, सर," सांडू म्हणाला.