कढीपत्त्याचं उत्तर

खोटं वाटत असेल तर मळमड्डीत कुणालाही विचारा. आमच्या शेजारच्या उमाक्का रोज सकाळी परसात झाडांशी इतकं बोलत, की जास्वंदीचं एकेक फूल पुरणपोळीएवढं व्हायचं. नवऱ्याशी, म्हणजे गुरुनाथअण्णांशी, मात्र तीन वर्षं एक शब्द नाही. वेदश्रीनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा अण्णा गरजले होते, “या घरात तिचं नाव निघता कामा नये!” त्या दिवसापासून घरच मुकं झालं.

शेवटी अण्णांना ते सोसेना. एका सकाळी ते मोठ्या कुंडीत पाय रोवून, गुडघ्यापर्यंत माती ओढून कढीपत्त्याआड उभे राहिले. झाड समजून तरी बोलेल!

उमाक्का झारी घेऊन आल्या. कढीपत्त्याला म्हणाल्या, “ताप उतरला का गं? पेज घेतलीस?”

आणि काय सांगू, कढीपत्ता बोलला! “घेतली, आई. अण्णा कसे आहेत?”

अण्णांनी फांदी बाजूला सारली. बेचक्यात फोन ठेवलेला होता.

उमाक्का जराही दचकल्या नाहीत. “घरात नाव नको म्हणालात. मी परसात घेते.”

“आई, कोण आहे गं तिथं?” वेदश्रीचा आवाज घाबरला. “ठेवू का फोन?”

“नको, नको!” अण्णा कुंडीतूनच कळवळले. “कुणी नाही, बाळ. झाड आहे. तू बोलत राहा.”