फळ्यावरचा पुसलेला शब्द

“हाई काय शे?” वाचनालयाच्या फळ्यासमोर झुलाल ओरडला. “पुन्हा माझा शब्द पुसला!”

फळ्यावर ‘श्रीलंकेत आपल्या फौजेची’ एवढं होतं, मग पांढरा डाग, मग ‘चकमक’. डागाच्या जागी काल ‘बंडखोरांशी’ होतं.

चोपड्याच्या त्या फळ्यावर रेडिओ ऐकून बातम्या लिहिणारे दोघेच. एक शेतकरी झुलाल, त्याचा पुतण्या त्या फौजेत होता. दुसरे निवृत्त वाल्मीक मास्तर. हक्कासाठी उठलेल्यांना ‘लढवय्ये’ म्हणावं, असं मास्तरांचं मत.

“मास्तर, हात दाखवा. खडू लागलेला असेल.”

“मी मास्तर आहे. मला जन्मभर खडू लागलेलाच आहे.”

महिनाभर हेच चाललं होतं. एक दिवस याचा शब्द जायचा, एक दिवस त्याचा. मिटवायला आधारनाना शिंपी पुढे झाले, कोणी न सांगता. उन्हाळ्यात पत्नी लिलाबाई गेल्या तेव्हापासून नानांनी शिलाई मशीन उघडलं नव्हतं.

शब्द पुसला गेला की दोघं नानांच्या ओट्यावर बसत. नाना चहा करत. ओरडेल त्याने कपबशा धुवायच्या, हा नियम. पहिल्या आठवड्यात चहात साखर नव्हती, पण भांडणाच्या भरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

“नाना, तुम्ही आमच्या बाजूने बोला.”

“मी फक्त चहाच्या बाजूने आहे, झुलालभाऊ.”

मास्तर हसून ठसकले. नानाही हसले.

दोंडाईच्याहून नानांच्या मुलीचं, वच्छलाचं, पत्र आलं. घराला कुलूप लावा, कायमचे इकडे या. नानांनी कळवलं, या दोघांचं मिटलं की येतो, मध्येच सोडता येत नाही. तिने उलट लिहिलं, शनिवारी येते. मिटलं असेल तर रविवारी घेऊनच जाईन.

शनिवारी सकाळी मास्तर म्हणाले, “नाना, आता तुम्हीच सांगा. आम्ही ऐकू.”

नानांनी आधी तिघांचे कप पुन्हा भरले. मग म्हणाले, “हत्यारबंद तरुण लिहा. बंडखोर असोत की लढवय्ये, तरुण तर आहेत. कोणाच्या तरी घरचे.”

झुलालने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. दोघांनी मिळून तो शब्द फळ्यावर लिहिला, अर्धा याने, अर्धा त्याने. झुलालने जिलबी आणली. येईल-जाईल त्याच्या हातावर ठेवली. लहानथोर, बठ्ठी गल्ली गोळा झाली. नानांनी एकच तुकडा घेतला.

संध्याकाळच्या एस्टीने वच्छला आली आणि बापाची पेटी भरायला लागली.

रविवारी उजाडता उजाडता झुलाल आणि मास्तर वाचनालयासमोरच्या बंद टपरीच्या आडोशाला उभे होते. नाना फळ्याशी आले. इकडे तिकडे पाहिलं. नळावर धोतराचा सोगा ओला केला, कालचा शब्द पुसला आणि चहा ठेवायला झपाझप घराकडे निघाले.

“मागच्या खेपेला कोण ओरडलं होतं?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“मी. आज तुमची पाळी,” झुलाल म्हणाला. “आणि जरा जोरात, मास्तर. पोरीला घरात ऐकू गेलं पाहिजे.”