तुलनेचं गाव

बैठक उठता उठता अध्यक्ष म्हणाले, "तुलनेचं गाव आता अभ्यासातून वगळू. तिथल्या मुलांच्या दुधाच्या दातांतही तेच विष निघालंय."

"मग तुलनेला स्वच्छ हवेचं गाव कुठलं धरायचं, सर?" केतकीने विचारलं.

"राहिलंय कुठं?" म्हणत त्यांनी चहा मागवला.

पालकांना फोन करायचं काम केतकीचं. पडलेला दात यंत्रात घातला की मुलाने श्वासातून किती विष घेतलं ते दिसायचं. निकाल सांगायला मात्र बंदी होती. आया मुलांना उचलून गाव सोडतील, मग अभ्यास कुणाचा करायचा? तरी शेवंताच्या पोराचा निकाल पाहून तिला राहवलं नव्हतं. "तुलनेच्या गावी जा गं," असं ती हळूच बोलून गेली होती.

तेवढ्यात शेवंताचाच फोन आला.

"ताई, म्हशी विकल्या नि आलो बघा इथं. पोरगं नुसतं हुंदडतंय. आज दात पडला त्याचा. तुमच्यासाठी ठेवणार होते, पण मेल्यानं कौलांवर फेकला. म्हणतो, नवा दात इथल्या हवेतला येईल."

"येईल हं," लहान मुलाची समजूत घालावी तशी केतकी म्हणाली, आणि फोन ठेवायचं तिला सुचेना.