स्वेटरचं माप

"पोरीच्या शाळेत सांता येते, मंग तुले काऊन नाई?" असं म्हणत श्रेयसनं माझ्यापुढे मरून स्वेटर धरला. लग्नानंतर त्यानं आपणहून आणलेली ही पहिलीच भेट. "बजेटमदीच बसवलं बरं," तो हसला. स्वेटर खांद्यांवरून ओघळत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो बदलायला चिखलीच्या दुकानात नेला.

दुकानदारानं लगेच ओळखला. "हा तं श्रेयस सरनं नेला. नाताळची ऑफर होती, एकावर एक फ्री. पण दोन्ही एकाच मापाचे घ्या लागते. तुम्ही सरच्या बहीण का?"

मी स्वेटर काउंटरवर ठेवला.


"देतो बदलून, ताई. दुसरा सरच्या मिसेसले एकदम फिट बसला, इथंच घालून पाह्यला त्यायनं!"