बिनमालकाची बाहुली

खेळण्यांनी घराचा उकिरडा झाला होता. बायकोने कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि फर्मान काढलं: प्रत्येक मुलाने दहा खेळणी ठेवायची, बाकीची घराबाहेर. पोरांनी घर डोक्यावर घेतलं, पण दुपारपर्यंत चार पोती भरली. ढिगाच्या तळाशी एक हात तुटलेली कापडी बाहुली निघाली. दोन्ही पोरं म्हणाली, "आमची नाही." मालक नसलेल्या वस्तूचा निकाल लावणं सर्वांत सोपं. मी तीही पोत्यात कोंबली आणि जुनी खेळणी गोळा करणाऱ्या एका संस्थेची गाडी सगळं घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकेक कपाट उघडून बघत होती. तिला हल्ली नातवंडांची नावंही आठवत नाहीत.

"काय हवंय गं?"

"माझी छकुली. इथेच तर निजवली होती, एका हाताने अधू आहे रे ती."

बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं: काहीतरी सांगा आणि वेळ मारून न्या. त्यात मी पटाईत आहे.

"अगं आई, छकुलीला चांगल्या घरी दिलं. तिथे तिचं छान होईल. तू नको काळजी करूस."

आईने कपाटाचं दार हळूच लावलं. कित्येक महिन्यांनी तिने मला नावाने हाक मारली, अगदी बरोबर नावाने.



"तुझ्या आधीची मुलगी माझ्या कुशीतून नेली, तेव्हा तुझे बाबाही हेच म्हणाले होते."